निंबाची मांडणी

जो मनुष्य अडतीस वर्षे वर्गात उभा राहून इतरांना ‘लक्ष देऊन ऐका’ असे बजावत आला, त्याच्यावर स्वतः ऐकण्याचा प्रसंग आला असता तो ऐकतोच असे नाही. आणि त्याच्या न ऐकण्याचे फळ त्याला एकट्याला भोगावे लागते असेही नाही. माझ्या बाबतीत ते फळ माझ्या पत्नीस, शेजाऱ्यांस, खालच्या भाडेकरूंच्या छतास आणि पाच निरपराध फळ्यांस वाटून भोगावे लागले. सदर वृत्तांत मी कोणास दोष देण्यासाठी लिहीत नाही. दोष कोणाचा ते वाचकांना दुसऱ्या पानावरच कळेल.

निजामाचे राज्य संपवणारी पोलिस ॲक्शन झाली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तोवरचे माझे सारे शिक्षण उर्दूत झालेले; देवनागरी अक्षरे मला ओळखीच्या माणसांसारखी दुरून दिसत, पण नावे आठवत नसत. अशा स्थितीत वडिलांनी मला पैठणास केशवशास्त्र्यांच्या पाठशाळेत नेऊन सोडले. माझ्या वह्या उजवीकडून उघडतात हे पाहून इतर विद्यार्थी हसले. शास्त्रीबोवा हसले नाहीत. ते म्हणाले, “याला ज्या अक्षरांत येतं त्या अक्षरांत लिहू द्या. शब्द पोटात गेला की अक्षरं मागून येतील.” त्याप्रमाणे मी संस्कृत शब्दांची रूपे पहिले सहा महिने उर्दू लिपीत लिहिली. पुढे देवनागरी हाताला बसली तेव्हा ती वही मी लाजेने फाडू लागलो, तर त्यांनी ती माझ्या हातून काढून घेतली. “ही माझ्यापाशी राहू दे,” एवढेच म्हणाले.

शास्त्रीबोवा गेले, पाठशाळा बंद पडली, आणि त्यांचा चारशे बारा पोथ्यापुस्तकांचा संग्रह ‘गोदातीर ग्रंथरक्षण मंडळ’ नावाच्या संस्थेकडे आला. १९९१ सालच्या माघात मंडळाचे मला पत्र आले की, संग्रह योग्य शिष्याच्या घरी ठेवण्याची शास्त्रीबोवांची इच्छा होती. मात्र जागा त्यांच्या लेखी अटींप्रमाणे हवी. अटी अकरा होत्या. त्यांतील मुख्य अशा: मांडणी कडुनिंबाच्या लाकडाची असावी, म्हणजे कसर लागणार नाही, तिच्यात एकही लोखंडी खिळा नसावा, म्हणजे गंजाचे डाग पोथ्यांवर पडणार नाहीत, आणि खोलीस कुलूपबंद होणारे दार असावे. शुक्रवारी निरीक्षक टेंपोत ग्रंथ घेऊनच येतील, अटी पूर्ण दिसल्या तर ग्रंथ उतरवतील, न दिसल्या तर टेंपो तसाच पुढे जालन्यास जाऊन मंडळाच्या गोदामात रिकामा होईल. ते गोदाम मंडळास एका गूळ-व्यापाऱ्याने कृपापूर्वक दिलेले असून अर्ध्या भागात अद्याप गूळ आहे, अशी माहिती मला स्वतंत्रपणे मिळाली.

मुंग्या, उंदीर आणि पाझरता गूळ यांच्या सहवासात शास्त्रीबोवांच्या पोथ्या! आणि त्यांतच कोठेतरी, त्यांनी जपली असेल तर, माझी ती वही. मी त्याच दिवशी मंडळास ‘सर्व अटी मान्य’ असे कळवून टाकले.

आता खिळ्यावाचून मांडणी करणारा मनुष्य शोधणे आले. औरंगाबादेतल्या आमच्या पुंडलिकनगरातील सुतारांनी खिळा नको हे ऐकताच माझ्याकडे, जेवण हवे पण मीठ नको म्हणणाऱ्या आजाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले. अखेर खुलताबादेस निजामुद्दीन मिस्त्री नावाचे वृद्ध कारागीर असल्याचे कळले. मी जाऊन भेटलो. अडचण आणखी एक होती. आम्ही राहतो वरच्या मजल्यावर, आणि आमचा जिना दोन हात रुंद असून मध्येच असा वळतो की, आमचे लोखंडी कपाट १९८३ सालापासून खाली भाडेकरूंच्या ओसरीतच आहे. तयार मांडणी वर चढणे अशक्य होते.

मिस्त्री म्हणाले, “फिकर नको, गुरुजी. सुटी करून देतो. वर नेऊन सरकवायची. डव्हटेल मारतो.”

ही विद्या मला तेव्हा प्रथम कळली. आडव्या फळीचे दोन्ही काठ पारव्याच्या शेपटीसारखे कापतात, म्हणजे टोकाशी रुंद आणि मुळाशी निमुळते. उभ्या फळीत तशाच आकाराची खाच कोरतात. शेपटी मागच्या बाजूने खाचेत घालून पुढे सरकवली की फळी बसते. मग ती ओढून निघत नाही, झुकत नाही, खिळाही मागत नाही. त्यातही मिस्त्रींची खुबी अशी की, त्यांची खाच मागे किंचित रुंद आणि पुढे किंचित अरुंद असे. त्यामुळे फळी अगदी सहज जाई, आणि शेवटच्या चार बोटांवर घट्ट होई.

मंगळवारी मिस्त्री एसटीच्या टपावरून दोन उभ्या आणि पाच आडव्या फळ्या घेऊन स्वतः आले. प्रत्येक फळी तिच्या तिच्या खाचेपुरती कातलेली असून, कोणती कोठे जायची ते पेन्सिलीने उर्दू आकड्यांत लिहिलेले होते. ते आकडे मी मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा मिस्त्रींचा चेहरा खुलला, आणि माझाही. माझ्या मते अनर्थाचा आरंभ तेथे झाला. मनुष्याला एक गोष्ट येत असल्याचे कौतुक झाले की उरलेल्याही येतात असा त्याचा समज होतो.

“गुरुवारी मी येतो की बसवायला,” मिस्त्री म्हणाले.

“छे, छे! आपण कशाला तसदी घेता? सात फळ्या आहेत, आकडे आहेत. मी बसवीन.”

मिस्त्रींनी माझ्या हातांकडे पाहिले. ते हात खडूखेरीज काही न उचललेले होते, आणि ते लपत नव्हते. “बरं. मग तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, फळी मागूनच घालायची. दुसरी, जोर करायचा नाय, मारायचं तर बिलकुल नाय. और तीसरी बात, गुरुजी, या लाकडाला...”

येथे मी त्यांना थांबवले. निंब या वृक्षाचे आयुर्वेदात केवढे माहात्म्य आहे ते मला नेमके त्या क्षणी आठवले, आणि ते मी त्यांना सुमारे वीस मिनिटे सांगितले. मिस्त्रींनी सर्व ऐकून घेतले. तेवढ्यात त्यांची परतीची एसटी जाण्याची वेळ झाली. जिन्यात वळून ते पुन्हा “गुरुजी, लाकडाला...” असे म्हणाले. मी वरून “आले ध्यानात, आले ध्यानात!” असे म्हणून हात जोडले.

बुधवारी सकाळी मी द्वारकाबाईंना, म्हणजे आमच्या पत्नीस, म्हटले की, परवा ज्या फळ्यांवर सरस्वती बसायची त्यांना आज मंगलस्नान घातले पाहिजे. आमच्या घरी पितळेची वाटीसुद्धा धुतल्यापुसल्यावाचून आणि हळदकुंकू लावल्यावाचून वापरात येत नाही.

“लाकूड धुतात का पण?” द्वारकाबाईंनी शंका काढली. “नुसतं ओल्या फडक्यानं पुसा की.”

“पाटावर पाणी पडत नाही का?” मी विचारले. या प्रतिप्रश्नाने त्या गप्प झाल्या. गेली एकेचाळीस वर्षे त्या अशाच ठिकाणी गप्प होत आल्या आहेत, आणि त्याचा अर्थ संमती असा मी करीत आलो आहे.

गच्चीवर फळ्या मांडून मी अकरा तांबे पाणी, त्यावर हळदीचे पाणी, त्यावर गोदावरीच्या गडूतील थेंब अशा क्रमाने स्नान घातले. नारळाच्या शेंडीने घासले. फळ्या सोन्यासारख्या पिवळ्या झाल्या. पेन्सिलीचे आकडे नाहीसे झाले होते हे माझ्या लक्षात पुष्कळ वेळाने आले. त्याचेही मला फारसे काही वाटले नाही. पाच फळ्या आहेत, पाच जागा आहेत, इतकाच विचार मी केला.

परंतु पाच वस्तू पाच जागी ठेवण्याच्या एकशेवीस रीती असतात. हे मला शेजारच्या आप्पासाहेबांनी सांगितले. आप्पासाहेब बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. सल्ला हा त्यांच्यापाशी नेहमी तयार असतो, आणि तो ते डायरीत तारीख घालून देतात. त्यांनी एकशेवीस प्रयोगांचा तक्ता आखला आणि गुरुवारी सकाळी आम्ही प्रयोग क्रमांक एक केला. फळी खाचेच्या तोंडाशीच अडली. दोन, अडली. तीन, अडली. नवव्या प्रयोगापर्यंत एकही फळी वीतभरही आत गेली नाही.

“मापात खोट आहे,” आप्पासाहेबांनी निर्णय दिला. “मिस्त्री चुकलाय.”

मला हे ऐकून समाधान वाटले, हे मी लपवीत नाही.

“साबण लावा,” आप्पासाहेब म्हणाले. साबण लावला. “आता ठोका.” मिस्त्रींची दुसरी गोष्ट मला आठवत होती, परंतु ज्याच्या मापातच खोट आहे त्याच्या सूचनेचे बंधन किती मानावे, असा विचार करून मी द्वारकाबाईंचे मुसळ आणले. तिसऱ्या घावाला फळी चार बोटे आत गेली. सातव्याला अर्धी गेली. मग ती थांबली ती थांबलीच. पुढेही नाही, मागेही नाही. आम्ही दुसरी घेतली, तीही अर्ध्यावर राहिली. तिसरी घेतली.

इतक्यात जिन्यावर पावले वाजली आणि खालच्या भाडेकरू सारजाबाई दारात उभ्या राहिल्या. त्या पाचोडच्या. बोलणे मोकळे, आणि केसांत त्या वेळी चुन्याचे पोपडे.

“गुरुजी, आमच्या डोस्क्यावर कांडण मांडलंय का काय? भाजीत गिलावा पडला की वो सारा!”

“सारजाबाई, हे विद्येचे काम आहे,” मी म्हणालो.

“विद्येचं हाय व्हय? मला वाटलं मिरच्या कुटायलेत.” त्यांनी फळीवर बोट टेकवले. “वली हाय ही. वल्या लाकडाला कोण मारतंय? माझ्या बापाच्या बैलगाडीचं चाक वलं झालं की आम्ही दोन दिस हात लावत नव्हतो.”

“सारजाबाई,” आप्पासाहेब सौम्यपणे म्हणाले, “ही बैलगाडी नव्हे.”

“नाय, ती चालायची,” असे म्हणून सारजाबाई केस झाडीत खाली गेल्या.

तथापि ‘ओली’ हा शब्द आप्पासाहेबांच्या मनात राहिला असावा. त्यांनी उरलेल्या दोन फळ्या कडक उन्हात टाकण्याचा उपाय सुचवला. संध्याकाळपर्यंत त्या दोन्ही फळ्या पन्हाळीसारख्या वाकल्या. डायरीत त्यांनी ‘उन्हाचा परिणाम: प्रतिकूल’ अशी नोंद केली.

शुक्रवार उजाडला. अकरा वाजता निरीक्षक यायचे होते, आणि आमच्या आतल्या खोलीत दोन उभ्या फळ्या तीन अर्धवट फळ्यांनी जखडून, पाय फाकलेल्या शिडीसारख्या आडव्या पडल्या होत्या. आप्पासाहेब टेंपो आला का ते पाहण्यास गच्चीवर गेले. एकटा असताना मला सुचले की, हे निदान उभे केले तर लांबून मांडणीचा आभास होईल. आभासावर अवलंबून राहण्याचे तोटे मी वर्गात पुष्कळ वेळा समजावून दिले होते. मी ते धूड उचलले, ते माझ्या हातून फिरले, आणि त्याचा एक पाय समोरच्या भिंतीला व दुसरा दाराला टेकून घट्ट बसला. आमच्या त्या खोलीचे दार आत उघडते. आता ते वीतभरच उघडू लागले. मी आत होतो.

“अहो, काय झालं?” बाहेरून द्वारकाबाई म्हणाल्या.

“काही नाही. मी आत आहे.”

“ते कळलं. बाहेर कधी येणार?”

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वीच टेंपोचा कर्णा वाजला.

निरीक्षकांचे नाव रामकिसन. हातात पुठ्ठ्याला लावलेले तपासणी-प्रपत्र, गळ्यात दोरीने अडकवलेले लोहचुंबक. ते कशासाठी असा प्रश्न कोणालाही पडावा. तर ते लपवलेले खिळे शोधण्यासाठी होते. त्यांनी दाराच्या फटीतून माझ्याकडे पाहिले. मी नमस्कार केला. त्यांनीही केला.

“मांडणी कुठाय?”

“आपण ज्याला हात टेकवून उभे आहात ते दार तिनेच धरले आहे.”

“उभी आहे का आडवी?”

“तिरपी,” मी सत्य सांगितले.

“प्रपत्रात ‘तिरपी’ असा रकाना नाही, गुरुजी,” रामकिसन खेदाने म्हणाले. “मला आत येऊन, डोळ्यानं पाहून, मोजून लिहावं लागतं. फटीतून पाहिलेलं मंडळात चालत नाही.”

“साहेब, गुरुजींचा जन्म गेला या पुस्तकांपायी,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तुम्ही पाणी घ्या, चहा घ्या. थोडं थांबा.”

रामकिसन मनुष्य वाईट नव्हता. चहा पिता पिता त्यांनी आपला दौरा-कार्यक्रम काढून पाहिला. त्यात शुक्रवारचा मुक्काम औरंगाबादेस मंजूर होता. “उद्या दुपारी बारा,” ते म्हणाले. “बारानंतर मला थांबता येत नाही. टेंपो जालन्याला निघतो.”

खिडकीतून मला खाली उभा टेंपो दिसत होता. ताडपत्रीखाली लाल फडक्यात बांधलेली बाडे. पैठणच्या पाठशाळेत ती कपाटातून काढताना शास्त्रीबोवा आधी उपरण्याला हात पुसत. टेंपो निघून गेला. मी गुंडाळलेल्या सतरंजीवर बसलो.

“मिस्त्रींना बोलवा,” फटीतून द्वारकाबाई म्हणाल्या.

“त्यांच्या मापात खोट आहे.”

“खोट कशात आहे ते मी बुधवारी बघितलंय. अकरा तांबे मीच भरून दिले.” त्या कधी नव्हे त्या गप्प झाल्या नाहीत. “लग्न झाल्यापासून ऐकतेय मी, शास्त्रीबोवांनी तुम्हाला कसं पदरात घेतलं. त्यांची पुस्तकं गुळात जाणार, अन् तुम्ही इथं मान सांभाळत बसणार? लिहा चिठ्ठी. आप्पासाहेब घेऊन जातील.”

त्यांनी फटीतून कागद आणि पेन आत सरकवले. त्यामागून एका ताटलीत दोन पोळ्या.

मी पेनचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. बोलावण्यात मानहानी होतीच; पण तिच्याहून एक अवघड गोष्ट होती, आणि ती मला त्या कोंडलेल्या खोलीतच प्रथम सुचली. फळ्या धुतल्या हे मिस्त्रींना सांगावे लागणार होते. त्यांच्या हातची वस्तू घरात घेण्यापूर्वी मी अकरा वेळा धुतली, हे ऐकून तो वृद्ध मनुष्य काय समजेल? मी स्वतःच्या मनाला कठोरपणे विचारले की, तसे काही होते काय? मनाने ‘नव्हते’ असे सांगितले. परंतु मन आपलेच असते. साक्ष म्हणून त्याचा फारसा उपयोग नाही.

तेव्हा मी उजवीकडून लिहू लागलो. बेचाळीस वर्षांत उर्दू अक्षर काढले नव्हते. हात अडखळला, दोन ठिकाणी नुक्ते विसरले. लिहिले ते इतकेच: “जनाब मिस्त्रीसाहेब, आपली तिसरी गोष्ट मी ऐकली नाही. दुसरी ऐकून मोडली. आमच्या घरी प्रत्येक नवी वस्तू धुऊन घेतात म्हणून मी फळ्या पाण्याने धुतल्या. यात आपल्या हातांचा अनादर झाला असे वाटल्यास मी क्षमा मागतो. माझ्या गुरूंचे ग्रंथ उद्या बारापर्यंत दारात आहेत. जमल्यास यावे.”

आप्पासाहेब पत्र घेऊन दुपारच्या एसटीने खुलताबादेस गेले. जाण्यापूर्वी त्यांनी फटीतून पेचकस आत दिला, आणि त्यांच्या बाहेरून मिळणाऱ्या आज्ञांनुसार मी दाराच्या बिजागऱ्या आतून सोडवल्या. दार आप्पासाहेबांच्या अंगावर गेले आणि मी मुक्त झालो. त्या आठवड्यात माझ्या हातून यशस्वी झालेले सुतारकाम ते एवढेच.

संध्याकाळी आप्पासाहेब परतले. “पत्र दोनदा वाचलं त्यांनी,” ते म्हणाले. “हसले नाहीत. घडी घालून खिशात ठेवलं. उद्या येतो म्हणाले. अन् तोवर लाकडाला कोणीही हात लावायचा नाही. कोणीही. हे म्हणताना माझ्याकडे पाहत होते.”

शनिवारी आठ वाजता मिस्त्री जिना चढून आले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, त्या तिरप्या धुडाभोवती एकदा फिरले, वाकलेल्या फळ्या पाहिल्या, मुसळ पाहिले. मी उभा होतो.

“मिस्त्रीसाहेब, पत्रात लिहिले ते...”

“गुरुजी,” ते म्हणाले, “आमच्या घरी पण नवी देगची धुतल्याबगैर चुलीवर नाय जात. आबेदा, माझी सून, तीनदा धुते. लेकिन देगची तांब्याची असते. लाकूड पाणी पिऊन घेतं. एवढंच सांगायचं होतं मंगळवारी. तुम्ही निंबाचा औषधी उपयोग सांगत होते, म्हणून राहिलं.”

द्वारकाबाई स्वयंपाकघरात हसल्या. मी ऐकले नाही असे केले.

मिस्त्रींनी धूड आडवे केले, अडकलेल्या फळीच्या पुढच्या काठावर जाड फडके धरून तळव्याने एक टोला दिला आणि फळी मागे सरकवून सहज बाहेर काढली. मी आणि आप्पासाहेबांनी एकमेकांकडे पाहिले.

“फुगली होती ना?” आप्पासाहेब म्हणाले.

“फुगली होती. पण लाकूड तर कालच वाळलं, साहेब. तुम्हीच त्याला सोडत नव्हते. अन् ही फळी या खाचेची नाय. कशी जाईल?”

“आकडे पुसले गेले,” मी मान खाली घालून म्हणालो.

“पेन्सिल तुमच्यासाठी होती. पुसणार हे मालूम होतं. बोट घाला इथं.”

त्यांनी माझे बोट धरून खाचेच्या आतल्या कडेवर फिरवले. तेथे पटाशीच्या टोकाने मारलेल्या बारीक खुणा होत्या. पहिल्या खाचेत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन. फळीच्या शेपटीखाली तशाच. दोन दिवस आम्ही या लाकडाला साबण लावला, मुसळाने मारले, उन्हात टाकले, त्याच्यासाठी एकशेवीस घरांचा तक्ता आखला. एकदा बोट फिरवून पाहावे असे दोघांपैकी एकालाही सुचले नाही. आप्पासाहेबांनी डायरी मिटली.

“आणि या वाकलेल्या?” मी विचारले.

“वाकलेलीला सरळ धरायलाच तर डव्हटेल असतो, गुरुजी. खाचेत जाऊ द्या, ती स्वतः सरळ होते.”

पाऊण तास ते मेणबत्तीचा तुकडा खाचांवर घासत, फुटलेले कोपरे पटाशीने साफ करीत बसले. मग एकेक फळी मागून घातली. ती आवाज न करता जाई, आणि शेवटच्या चार बोटांवर थांबे. चार फळ्या त्यांनी बसवल्या. पाचवी थांबली तेव्हा ते बाजूला झाले.

“ही तुम्ही. तळव्यानं. मारायचं नाय, सांगायचं.”

मी तळवा टेकवला आणि सांगितले. फळी क्षणभर विचारात पडली, मग आत गेली. हलकासा, ओठ मिटल्यासारखा आवाज झाला. अडतीस वर्षांत माझे कोणी इतके पटकन ऐकले नव्हते.

साडेअकराला रामकिसन आले. मांडणी उभी होती. त्यांनी मापे घेतली, हलवून पाहिली, गळ्यातील लोहचुंबक काढून प्रत्येक फळीवरून, प्रत्येक कोपऱ्यावरून सावकाश फिरवले. ते कोठेच चिकटले नाही. रामकिसन किंचित हिरमुसले. नंतर त्यांचे लक्ष चौकटीकडे गेले.

“दार कुठाय?”

आम्ही सर्वांनी चौकटीकडे पाहिले. दार कालपासून बाहेर भिंतीला टेकून उभे होते, आणि ते तेथे असण्याची आम्हाला सवय झाली होती.

“अट क्रमांक सात,” रामकिसन म्हणाले, आणि घड्याळाकडे पाहिले.

मिस्त्री पिशवी घेऊन उठले. सारजाबाई गडबड ऐकून वर आल्याच होत्या; त्यांनी दार एकटीने कमरेवर पेलून धरले. “लावा वो चाचा, म्या धरते. गुरुजी, तुम्ही तेवढं लांब ऱ्हावा.” दहा मिनिटांत दार बसले. खात्री म्हणून रामकिसननी त्यालाही चुंबक लावले. बिजागरीवर ते टक्क करून बसले.

“ते दार आहे, साहेब,” आप्पासाहेब म्हणाले. “दाराला अट नाही.”

बाराला पाच मिनिटे असताना प्रपत्राचा शेवटचा रकाना आला: ‘मांडणी कोणी केली?’ पत्रासोबत आलेल्या नमुन्यात हा रकाना पाहून मंगळवारी मी तेथे स्वतःचे नाव घालण्याचे योजले होते. आता मी ‘निजामुद्दीन मिस्त्री, खुलताबाद’ असे लिहिले आणि सही केली.

ग्रंथ वर आले. जिन्याच्या वळणावर सारजाबाई आणि टेंपोचालक, वर द्वारकाबाई, अशी साखळी करून बाडे आत येऊ लागली. पहिले बाड ठेवण्यापूर्वी मिस्त्रींनी हात धुतले, आणि मग खांद्यावरच्या रुमालाने प्रत्येक बोट कोरडे होईपर्यंत पुसले. पुसताना ते माझ्याकडे पाहत होते. मीही धुतले, आणि त्यांच्याहून अधिक वेळ पुसले.

अकराव्या बाडाची गाठ सैल होती. त्यातून एक पातळ वही मिस्त्रींच्या हाती आली. त्यांनी ती उजवीकडून उघडली. दुसऱ्या बाजूने ती सुरूच होत नव्हती.

“ही तर आमची लिपी,” ते म्हणाले, आणि डोळ्यांजवळ धरून अडखळत वाचू लागले, “वनम्... वने... वनानि... ये क्या है, गुरुजी?”

चौदा वर्षांच्या मुलाचे वेडेवाकडे अक्षर होते. समासात शास्त्रीबोवांच्या हाताने, लाल शाईत, ‘ठीक’ असे देवनागरीत लिहिलेले होते.

“वन म्हणजे जंगल,” मी म्हणालो. “एक जंगल, दोन जंगले, पुष्कळ जंगले.”

“म्हणजे लाकडाचंच की,” मिस्त्री म्हणाले. “मग ही तर सुताराची वही. हिला वरच्या फळीवर ठेवतो.” आणि त्यांनी ती तेथे ठेवली, जेथे खाचेत एकच खूण आहे.

आज या गोष्टीला वर्षे झाली. फळ्या कोरड्या आहेत, आणि वही जागेवर आहे. ज्यांनी खूण पुसली जाणार हे ओळखून दुसरी खूण कोरून ठेवली, त्यांचे हात सदैव निरोगी राहोत. जिने फटीतून पोळ्या दिल्या आणि खरेही सुनावले, तिला दीर्घायुष्य लाभो. सारजाबाईंच्या छताला पुन्हा तडा न जावो, आप्पासाहेबांच्या डायरीत अनुकूल नोंदी होवोत, रामकिसनच्या लोहचुंबकाला एखादा तरी खिळा सापडो. आणि जे सांगणारे आहेत त्यांना, तिसरी गोष्ट संपेपर्यंत गप्प राहणारा कोणीतरी मिळो.